पणजोबांच्या वहीतला भाव कशाचा? खंडी, बोजा आणि ते 'क.'

सरकीपेंड

जुनं घर उतरवायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या चार वह्या निघाल्या. लाल कापडाच्या, लांबोळक्या, दोऱ्यानं बांधलेल्या. दोन कसरीनं खाल्ल्यात, दोन धडधाकट. सगळं मोडीत. घरात मोडी वाचणारे शेवटचे आजोबा, ते जाऊन वीस वर्षं झाली. ओळखीच्या एका मोडीवाचकांना विनंती करून सध्या पंधरा पानं बाळबोधीत उतरवून घेतलीत. गाव अकोला जिल्ह्यातलं, आठवडी बाजाराचं, दोन जिन (कापसातून सरकी काढायचे कारखाने) असलेलं. काळ साधारण १९०९ ते १९२०.

खरं सांगायचं तर 'शंभर वर्षांपूर्वी ज्वारी काय भाव होती' असा एक छानसा धागा काढायचा बेत होता. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात बाबा पंगतीला बसले की 'आमच्या आज्याच्या वेळची स्वस्ताई' सुरू होते. म्हटलं, चला, आता पुरावाच हातात आला. पण आकडा समोर असून भाव कळत नाही अशी गत झालीय. नोंदींचा नमुना देतो:

'रुई बो. ३, वजा क., वजा ध., वजा तो., बाकी जमा.'
'कपाशी खं. १॥।'
'जवारी पा. १२, घरचे मापाने.'
'गोऱ्हा एक, चौसा, रु. अमुक क., इसार दिला.'
'दमणीचे भाडे, जानोरीपर्यंत.'

रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस, बो. म्हणजे बोजा, खं. म्हणजे खंडी, पा. म्हणजे पायली हे कळलं. पण बोजा केवढा? खंडी २० मणांची असं शाळेत पाठ केलं होतं, त्या हिशोबानं बेरीज जुळत नाही. आणि हे 'क.' काय? रुईच्या नोंदीत वजा होतंय, गोऱ्ह्याच्या नोंदीत रकमेला चिकटलंय. भावाचे आकडे मुद्दाम देत नाही. कशाचा भाव हेच ठरलं नाही तर देऊन काय करू?

जुनीपानी

वाचतेय. वह्या आधी उन्हात नको, सावलीत वाळवा आणि पानांचे फोटो काढून ठेवा. बाकी जाणकार सांगतीलच.

पावकी निमकी

शाळेतली खंडी सोडा. कापसाची खंडी २८ मणांची आणि तो मण मुंबईचा, २८ पौंडांचा. २८ गुणिले २८, म्हणजे ७८४ पौंड. बोजा तिच्या निम्मा, १४ मण, ३९२ पौंड. पुन्हा मांडून बघा, बहुतेक जुळेल. कापसाच्या बाजारात आजही 'कँडी'चा भाव निघतो तो ३५६ किलोचा. ती हीच खंडी, फक्त कपडे बदललेत.

गंमत अशी की त्याच गावात, त्याच दिवशी, दुसरे दोन मण चालू असणार. रेल्वेत माल चढवायचा तर सरकारी बंगाली मण, ४० शेरांचा, ८२ पौंडांहून किंचित जास्त. आणि धान्याचा मण तर वजनाचा नव्हेच, मापाचा. दोन चिपटी एक मापटं, दोन मापटी एक शेर, चार शेर एक पायली, सोळा पायल्या एक मण. काही गावांत बारा पायल्यांचाच मण. 'घरचे मापाने' असं पणजोबांनी लिहिलंय ते उगाच नाही.

'१॥।' म्हणजे पावणेदोन, हे माहीत असेलच. एक उभी रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण. आमच्या पिढीपर्यंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करवून घ्यायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. छडीसकट पाठ आहे.

सरकीपेंड

जुळलं! २८ धरल्यावर दोन पानांच्या बेरजा चोख जुळल्या. दंडवत. बाबांना दाखवलं तर म्हणतात, 'म्हणजे खंडी मोठी होती, मग तर आणखी स्वस्त.'

तिफन

😄 बाबांशी सहमत. काही म्हणा, तेव्हा भेसळ नव्हती, फसवणूक नव्हती. शब्दाला किंमत होती.

बारदान

तिफनभाऊ, फसवणूक नव्हती तर मग ते 'वजा, वजा, वजा' काय आहे?

आमचं घराणं अडत्यांचं. आता धंदा नाही, त्यामुळे मोकळेपणी लिहितो. क. म्हणजे कडता. बारदानाचं वजन, ओल, कचरा, सरकीचे तुकडे अशी कारणं सांगून वजनातून कापायचं ते. ध. म्हणजे धर्मादाय, तो. म्हणजे तोलाई. याशिवाय अडत, दलाली, हमाली, गोरक्षण, कुठे पांजरापोळ, कुठे देवळाच्या नावानं, आणि रोख पैसे हवे असतील तर वटाव. प्रत्येक कपात एवढीशी. गाडीवाला पहाटे निघून आलेला, बैल उपाशी, संध्याकाळी परत जायचं. तो आण्या-आण्यावर भांडणार आहे का? हे आम्हाला बरोबर माहीत असायचं.

आणि भाव ठरायचा कसा, तर रुमालाखाली. दलाल खरेदीदाराचा हात धरायचा, वर उपरणं टाकायचं. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. हा आकडा रुपयाचा की आण्याचा, ते आधीच्या बोलण्यावरून दोघांना ठाऊक. ज्याचा कापूस तो शेतकरी शेजारी उभा राहून दोघांची तोंडं बघायचा. बोलायची वेळ आलीच तर नंदभाषा. केवली म्हणजे एक, अवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच. माझे आजोबा म्हातारपणी नातवंडांना चॉकलेटं वाटताना 'प्रत्येकाला अवारू' म्हणायचे. आम्हाला तो खेळ वाटायचा.

काळी माती

बारदान, प्रामाणिक लिहिलंत.

थोडी कायद्याची बाजू. वऱ्हाड याबाबतीत पुढे होता असं म्हणतात आणि ते खरंही आहे. कारंज्याचा कापूसबाजार १८८६ मध्येच नियंत्रणाखाली आला. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. दलाल, तोलणारे यांना परवाने, ठरलेली जागा, समिती, सगळं होतं. मुंबई इलाख्याला कापूसबाजाराचा कायदा करायला १९२७ उजाडलं. पण समितीवर वजन व्यापाऱ्यांचंच. पिकवणाऱ्याचा आवाज तिथं नव्हता, हे १९२८ च्या शेतकी रॉयल कमिशननंही नोंदवलं आहे.

सरकारला शेतकऱ्याचा पुळका होता असं मला वाटत नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीनं इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला तेव्हापासून या काळ्या जमिनीवर डोळा होता. जलंब ते खामगाव अशी इवलीशी रेल्वेची फांदी १८७० मध्ये कशासाठी काढली? कापसाच्या गाठी उचलायला. रॅली आणि व्होलकार्ट या परदेशी कंपन्यांचे लोक आपल्या तालुक्यांच्या गावांत येऊन बसले ते काही हवापालटाला नव्हे.

वऱ्हाडी ठेचा

माह्या आज्याच्या तोंडचं आयकलेलं सांगतो. जवारी मापाची तं मापारी पयल्या मापाले 'एक' कधीच म्हने नाही. 'लाभ' म्हने. लाभ, दोन, तीन, चार… अन् सारी करामत हातात. घ्याची असली तं शिगोशीग, अशी का शीग वरून घरंगळे. देतानी त्याच मापावर तयहात फिरवला का झाली सपाट. माप एकच, शिक्काही सरकारी, कोनाले काय म्हनता? आजा म्हने, 'बाबू, मापाकडे नोको पाहू, मापाऱ्याच्या आंगठ्याकडे पाह्य.' आंगठा आत ठेवून भरला का तेवढी जवारी कमी.

पावकी निमकी

वाह! यावर उपाय म्हणून हुशार बाया काय करायच्या माहितेय? तराजूनं घ्यायच्या आणि वजन म्हणून घरचे रुपये मांडायच्या. चांदीचा रुपया बरोबर एक तोळा वजनाचा, ८० रुपये म्हणजे एक शेर. अर्थात ८० रुपये घरात असतील तर! पण पावशेराला २० पुरतात, नवटाकाला १०. 'रुपयाभार', 'पैसाभार' हे शब्द तिथूनच आले. पाकक्रियेच्या जुन्या वहीत 'रुपयाभार वेलदोडे' लिहिलेलं असतं ते किंमत नसून वजन आहे, हे आमच्या सुनेला पटायला वेळ लागला.

अवांतर: आणा हिशोबात पिढ्यान्‌पिढ्या होता, पण कंगोरेदार निकेलचं एक आण्याचं नाणं आलं १९०७ मध्ये. वहीच्या काळात ते नवलाईचं असणार.

सीमेवरचा

गोऱ्ह्याच्या नोंदीतलं 'क.' कडता नाही हो! बैलाला कसला कडता? ते कलदार.

मी देऊळगावराजाचा. आमचं गाव इंग्रजी अंमलात आणि पलीकडे जालना मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. निजामाचा रुपया हाली शिक्का, इंग्रजांचा तो कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार, थोडं वरखाली. बैल बहुधा मोगलाईकडच्या बाजारातून आले असतील, तिथं रक्कम कुठल्या रुपयात ते लिहावंच लागायचं, नाहीतर सातातला एक रुपया हवेत. शिवाय माल हद्दीपार नेताना करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. संस्थान विलीन झाल्यावरही काही वर्षं हाली चालूच होतं. आमची आजी शेवटपर्यंत भाजीवाल्याला 'कलदार देऊ का' असं चेष्टेनं विचारायची.

चौसा म्हणजे चार दाती. आदत, मग दोन दाती, चार, सहा आणि मग जुळलेला. दात बघायचे, खुर बघायचे, वशिंडावर थाप मारायची, मग चालवून बघायचा, मग जुंपून बघायचा, आणि एवढं करून घरी आणल्यावर कळायचं की बैल बसका आहे.

सरकीपेंड

सीमेवरचा, कोटी कोटी धन्यवाद! म्हणजे एकाच वहीत दोन 'क.'. आता मोडीवाचकांना पुन्हा त्रास देणं आलं. पुढच्या पानात खरंच 'हा.' दिसतंय, मी ते 'हातउसने' समजत होतो.

आणखी एक विचारतो. १९१८ च्या नोंदीत 'नोट अडीचाची एक, बट्टा देऊन मोडली' असं आहे. अडीचाची म्हणजे २५० ची की काय?

पावकी निमकी

अडीच रुपयांची! खरीखुरी नोट होती. पहिल्या महायुद्धात चांदी टंचाईत आली म्हणून १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची आणि १९१८ च्या जानेवारीत अडीच रुपयांची नोट काढली. लोकांचा कागदावर विश्वास नव्हता, रुपया मागायला गेलं की मोडणावळ कापायचे. त्यालाच बट्टा. वहीत भाव तोच दिसेल, पण हातात नोट आली की चांदी आली यावर त्याचा खरा मोल ठरणार. आज ती नोट जमवणाऱ्यांना विचारा, बट्टा उलटा द्यावा लागेल.

दमणी

नावामुळे यावंच लागलं. 🙂 दमणी म्हणजे हलकी, छपराची, माणसांची गाडी. मालाला बंडी, माणसांना दमणी किंवा रेंगी. गावात चार-पाच घरीच दमणी असायची. लग्नात, मूळ आणायला, बाळंतिणीला माहेरी न्यायला भाड्यानं न्यायची. भाडं गाडीचं वेगळं, बैलांचं वेगळं, आणि गाडीवानाची शिदोरी न्यायची ती न्यायचीच. गाडी आपली नि जोडी शेजाऱ्याची असंही चालायचं. एकेक बैल असलेले दोघे सावड करायचे.

शेत भाड्यानं घेणं म्हणजे बटई किंवा मक्ता. मक्ता रोख, पाऊस पडो न पडो द्यायचाच. बटईत निम्मं पीक मालकाला, सारा मालकानं भरायचा, बियाणं ठरेल तसं. ज्याच्याकडे बैल आहेत आणि जमीन नाही तो बटई करणार. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. त्याचं साल गुढीपाडव्याला ठरणार. काही रोख, काही जवारी, जोडा, धोतर, घोंगडी. उचल आधी घेतलेली असायची, ती फिटेपर्यंत पुढचा पाडवा यायचा. आमच्या गावात पाडव्याला गुढी उभारायच्या आधी बापे ओट्यावर बसून साल ठरवायचे.

तिफन

पण सावकार दारात येऊन पैसे द्यायचा की नाही? आज बँकेच्या चकरा मारून चपला झिजतात.

बारदान

यायचा. पेरणीला धान्य द्यायचा ते सवाईनं किंवा दिढीनं. मणाचे सव्वा मण, नाहीतर दीड मण, सुगीला. आणि ते परत मापताना अंगठ्याचं वर आलंच आहे. आता हिशोब करा, पेरणीच्या तोंडाला जवारी महाग, सुगीला स्वस्त. तो देताना महागाची द्यायचा, घेताना स्वस्ताची जास्त मापं घ्यायचा. वर म्हणायचा, मी पैशात कुठं व्याज लावलं? दामदुपटीचा दंडक होता, मुद्दलाइतकंच व्याज, त्याहून जास्त मागता येत नाही. म्हणून मग जुना कागद फाडून व्याजासकट नवा लिहायचा. झालं नवं मुद्दल.

माझ्या घरचंच आहे म्हणून सांगतो, लोकांच्या सह्यांच्या जागी नांगराची निशाणी असलेले कागद मी पाहिलेत. अंगठ्याच्या आधी ती चालायची.

पाणवठा

एवढी चर्चा वाचली. चांगली आहे. पण सगळे बाजारात जाऊन भाव करू शकत होते असं गृहीत धरून चाललीय.

आमच्या आजीची आई कापूस वेचायला जायची. रोज पैशात नव्हता, वेचलेल्या कपाशीतला वाटा मिळायचा, पदरात बांधून आणायचा. ती पदरभर कपाशी जिनात कोण घेणार? ती जायची किराणा दुकानात. मीठ, मिरची, थोडं घासलेट. दुकानदार हातानंच अंदाज करायचा, तराजूत टाकायचा नाही. आणि दुकानात म्हणजे दुकानाच्या खाली, रस्त्यावर. पायरी चढायची नाही. कपाशी खाली ठेवून मागे सरायचं, तो उचलून घ्यायचा. मीठ वरून पदरात टाकायचा. अर्धं सांडलं तर सांडलं. घासलेट तर बाटलीत ओतताना बाटली जमिनीवर ठेवून दूर उभं राहायचं. मापटं बाटलीला लागलं तर ओरडायचा.

तिला शीग आणि सपाट यातला फरक कधी विचारायला मिळालाच नाही. घर भाड्यानं घ्यायचा प्रश्नच नव्हता, जिनात काम मिळालं तरी राहायचं आपल्याच वस्तीत, रोज कोसभर चालत. बलुतं होतं ना, असं म्हणतात. होतं. खळ्यावर सगळ्यांचं मापून झाल्यावर जे उरायचं ते, मातीसकट.

शब्दाला किंमत होती म्हणे. कुणाच्या?

तिफन

पाणवठाताई, मी 'फसवणूक नव्हती' लिहिलं ते न विचारता लिहिलं. मागे घेतो.

वऱ्हाडी ठेचा

ताई, आमच्याकडच्या दुकानाले अजूनही तशी उंच ओटी हाय. मले वाटे पान्यापावसासाठी आसंल.

जुनीपानी

पाणवठाताई, आजीच्या आठवणी स्वतंत्र धाग्यात लिहाल का? इथं खाली हरवतील.

पाणवठा

बघते. आई आहे अजून, तिला विचारून लिहीन.

काळी माती

तोलाच्या भानगडी कधी संपल्या असं वाटतं? मेट्रिक मापं कायद्यानं आली १९५६ मध्ये, नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून. आमच्या गावात पायली १९८० च्या दशकातही चालू होती. आणि आता काट्याचा आकडा सगळ्यांना दिसतो, ओलाव्याचा आकडा यंत्रातून येतो. मागच्या हिवाळ्यात एका बाजारात माझ्या कापसाला दोन तासांत दोन यंत्रांनी दोन ओलावे सांगितले. कपात अर्थातच मोठ्या आकड्यानं.

बारदान

त्यालाच आम्ही कडता म्हणायचो. 🙂

सरकीपेंड

उशिरा लिहितोय, माफी. मोडीवाचकांनी दोन्ही 'क.' तपासले. सीमेवरचा बरोबर, गोऱ्हा कलदारात. शेजारच्या पानावर एक म्हैस हालीत आहे. रुईतलं 'क.' कडताच.

पाणवठाताईंचं वाचल्यावर पुन्हा एकदा वही चाळली. वेचणीवाल्यांच्या नोंदी आहेत. नावं नाहीत. 'वेचणार बाया ९' एवढंच, आणि पुढे वाट्याचा आकडा. बैलांची मात्र नावं आहेत, सर्जा, ढवळ्या, मोऱ्या.

पेटीच्या तळाशी लोखंडी शेर सापडला होता, तो आईनं घासून काढला. काल रात्री जेवणं झाल्यावर जवारीचा डबा काढला आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर शेर मांडून बघितला. बाबांनी भरला, आईनं भरला, मी भरला. सपाट तिघांचा जवळजवळ सारखा. शीग मात्र जुळेना. बाबांची सगळ्यात कमी. चार वेळा केलं, चार वेळा वेगळा आकडा. बाबा म्हणाले, जवारीच हलकी आहे.